टीव्हीतला शोगुन आणि वसईचा गोन्सालो

वसईत इतिहास शिकवण्याचा एक मोठा फायदा म्हणजे पोर्तुगीज मुलांना लांबचे वाटत नाहीत. 1534 च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, हे बारावीतल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. किल्ला तर त्यांच्या पायाखालचा. पण त्याच पोर्तुगीजांची जहाजं वसई-गोव्यावरून पुढे कुठे जात होती, हे मुलांना सहसा ठाऊक नसतं. गेल्या पावसाळ्यात एका तासाला ते आपणहून समोर आलं, आणि तेही एका सुपरहिरोच्या मालिकेमुळे.

त्या दिवशी पावसाने लोकल रखडल्या होत्या. वर्ग अर्धा रिकामा, लाइट गेलेले. पोर्शन पुढे नेण्यात अर्थ नव्हता. मागच्या बाकावरचा एक मुलगा आठवडाभर माझ्या मागे लागला होता, "मॅडम, तो शोगुनवाला एपिसोड बघा ना, त्यात हिरो हिस्टोरियन आहे." मी आदल्या रात्री तो खरंच बघितला होता. म्हटलं, चला, आज त्याच्यावरच बोलू.

मालिका अमेरिकन, 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'. भाग दुसऱ्या सीझनमधला, 2016 साली आलेला. काळात मागेपुढे जाणारं एक जहाज आहे आणि इतिहास कुणी बिघडवला की तो जागेवर आणणारी मंडळी त्यात राहतात. त्यातला नेट हेवूड हा पेशाने इतिहासाचा अभ्यासक. त्याला रक्त न गोठण्याचा आजार होता. त्यावर दिलेल्या औषधाने त्याचं अंग पोलादी होऊ लागतं. ती ताकद आजमावताना तो आणि रे नावाचा त्याचा सहकारी जहाजातून खाली पडतात ते थेट सरंजामी जपानात. रेचा तंत्रज्ञानाने ठासून भरलेला सूट शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएमित्सू याच्या हाती लागतो. नेटला एका गावात एक बाप आणि त्याची मुलगी आसरा देतात. या मुलीवर शोगुनची नजर आहे. शेवटी अख्खी टोळी गावाच्या बाजूने उभी राहते, सूट घातलेला शोगुन आणि पोलादी नेट यांची लढाई होते. गाव वाचतं, पण सूट नष्ट करावा लागतो.

मला हा भाग आवडला, आणि मुलांना मी तसं सांगितलंही. पुस्तकं वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणीतरी नायक केलंय, याचा मला मनापासून आनंद झाला.

पहिला प्रश्न अपेक्षित होता. "मॅडम, खरंच सगळीकडे अशा तलवारी चालायच्या?" इएमित्सूच्या काळात नाही. तो तिसरा तोकुगावा शोगुन, 1623 ते 1651. मोठ्या लढाया त्याच्या आजोबांच्या, इएयासूच्या वेळी झाल्या आणि 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडल्यावर संपल्या. इएमित्सूच्या राज्यातला सामुराई हळूहळू कारकून होत चालला होता, कमरेला दोन तलवारी लावून तांदळाचे हिशेब तपासणारा. सरदारांना वठणीवर ठेवायला शोगुनला स्वतः गावोगाव फिरावं लागत नव्हतं. 1635 मध्ये त्याने नियम पक्का केला की प्रत्येक मोठ्या सरदाराने आलटून पालटून एक वर्ष एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, काढायचं. तो आपल्या मुलखात परतला तरी बायकामुलं एडोतच राहणार. वर प्रवासाचा आणि लवाजम्याचा सगळा खर्च सरदाराच्याच गळ्यात.

"म्हणजे फॅमिली ओलीस," पहिल्या बाकावरून आवाज आला. बरोबर, ओलीसच.

सुटावरून मात्र खरी चर्चा रंगली. परदेशी यंत्र हातात आल्यावर शोगुन ते वापरेल की घाबरून फेकून देईल? मी त्यांना 1543 सालात नेलं. दक्षिणेकडच्या तानेगाशिमा बेटावर एक चिनी जहाज भरकटत येऊन लागलं. त्यावर पोर्तुगीज होते आणि त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका होत्या. बेटाच्या तरुण सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला नमुना म्हणून दिल्या. लोहाराचं घोडं अडलं ते नळीच्या मागच्या टोकाला. ते टोक स्क्रूने बंद करायचं होतं आणि आत आटे कसे पाडायचे हे जपानात कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला आलेल्या परदेशी कारागिराकडून ते कळलं, आणि मग साकाई, कुनितोमो अशा ठिकाणी बंदुकांचे कारखानेच उभे राहिले. 1575 मध्ये नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागा या सरदाराने बंदुकधाऱ्यांच्या जोरावर ताकेदा घराण्याचं नावाजलेलं घोडदळ मोडून काढलं. तेव्हा तो सूट जपानी लोहारांच्या हाती लागला असता तर त्यांनी आधी तो खोलून बघितला असता. मागच्या बाकावरचा आमचा मुलगा यावर भलताच खूश झाला.

मग खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. ती वसईतल्याच गास गावची. "मॅडम, आमचे संत गोन्सालो पण जपानमध्येच मारले गेले ना? ह्याच शोगुनने मारलं?"

हा प्रश्न ऐकला आणि त्या तासाची दिशाच बदलली. तिच्या गावचं चर्च त्यांच्या नावाचं, किल्ल्यातही त्यांचं चर्च आहे, दरवर्षी सण होतो, मिस्सा होतो. नाव तिने जन्मापासून ऐकलेलं होतं. पण ते नाव आणि टीव्हीतला शोगुन एकाच गोष्टीत बसतात, हे तिने त्या क्षणी स्वतः जोडलं होतं.

मी फळ्यावर नकाशा काढला. वसई, गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. याच वाटेने फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला पोचले. सोबत अंजिरो नावाचा जपानी माणूस होता, त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झाला होता. जुन्या गोव्याला झेवियरांच्या शवदर्शनाला जाऊन आलेली मुलं वर्गात होती. झेवियर जपानला गेले होते हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि याच वाटेने गोन्सालो गार्सिया गेले. वसईत 1556-57 च्या सुमारास जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथली. पोरवयातच जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात ब्रदर झाले. 1593 मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता मनिलाहून शिष्टाई घेऊन जपानला आले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर होते. त्या वेळी सत्ता तोयोतोमी हिदेयोशीची होती. शोगुन हा किताब त्याला कधीच नव्हता, पण जपान त्याच्या मुठीत होता. त्याच्यासमोर बोलणी करताना आमचा वसईकर मध्ये उभा राहून इकडचं तिकडे सांगत होता. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपण त्यांना वेदीवरच्या मूर्तीत बघतो, पण त्यांचं रोजचं काम दोन बाजूंना एकमेकांचं म्हणणं कळवण्याचं होतं.

1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटलं, त्यावरून धर्मप्रसारकांबद्दल संशय पेटला आणि हिदेयोशीने त्यांच्या पकडापकडीचा हुकूम काढला. चोवीस जणांना डावा कान कापून क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत चालवत नेलं, वाटेत आणखी दोघांची भर पडून ते सव्वीस झाले. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर क्रुसांना बांधून भाल्यांनी मारलं. गोन्सालो त्यांतले एक. 1862 मध्ये रोमने सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं.

"म्हणजे इएमित्सूने काही केलं नाही?" तिने विचारलं.

इएमित्सूने जे केलं ते आकाराने कितीतरी मोठं होतं. क्यूशू बेटावरच्या शिमाबारात मात्सुकुरा घराण्याने शेतकऱ्यांवर कर लादून लादून त्यांना भिकेला लावलं होतं. तिथली बरीच गावं ख्रिस्ती झालेली, आणि धर्मावरची बंदी दिवसेंदिवस कडक होत होती. 1637 च्या शेवटी शिमाबारा आणि शेजारच्या अमाकुसा बेटांवरचे लोक उठले. सुमारे 37,000 माणसं, बायकामुलांसकट, हारा नावाच्या ओसाड किल्ल्यात जाऊन बसली. त्यांचा पुढारी अमाकुसा शिरो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा.

"आमच्याएवढा?" तीन-चार जण एकदम बोलले. हो, बारावीच्या वर्गात शोभेल एवढाच.

शोगुनने लाखाहून जास्त फौज पाठवली. शोगुनशाहीच्या सांगण्यावरून एका डच जहाजानेही किल्ल्यावर तोफा डागल्या. अन्न संपल्यावर 1638 च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला आणि आतली जवळपास सगळी माणसं मारली गेली. टीव्हीतल्या गावासाठी आकाशातून जहाज आलं. इएमित्सूच्या राज्यातल्या या खऱ्या गावांसाठी कुणीही आलं नाही. हे सांगताना माझा आवाज चढला होता, कारण सरंजामी जपान म्हटलं की सगळ्यांना शोगुन आठवतो, सामुराई आठवतो, आणि ज्यांच्या तांदळावर हे सगळं चालायचं ती माणसं कुठल्याच पडद्यावर फारशी येत नाहीत.

त्यानंतर 1639 मध्ये इएमित्सूने पोर्तुगीज जहाजांना जपान कायमचं बंद केलं. पुढच्या वर्षी मकावहून विनवणी करायला आलेल्या मंडळींपैकी 61 जणांची नागासाकीत मुंडकी उडवली आणि निरोप पोचवायला 13 जणांना परत पाठवलं. मी फळ्यावर 1639 लिहिलं आणि त्याखाली 1739. पोर्तुगीज जपानमधून गेले आणि बरोबर शंभर वर्षांनी वसईतून गेले. योगायोगच आहे, पण मुलांच्या वहीत तो लगेच उतरला.

मग मी विचारलं, तुमच्याकडे ते जहाज असतं तर कुठे उतरला असता?

"मॅडम, हिस्ट्री बदलायची नाही हा त्यांचा रूल आहे," मागच्या बाकाने आधीच सावध केलं. तो रूल बाजूला ठेवायचा असं ठरलं. कुणी म्हणालं हारा किल्ल्यात उतरून शिरोला उचलू. दुसरी म्हणाली, तो एकटा येणारच नाही, आणि 37,000 माणसं जहाजात मावणार नाहीत. गासच्या मुलीला गोन्सालोंना वाचवायचं का असं कुणीतरी विचारलं. तिने बराच विचार करून उत्तर दिलं, "त्यांना विचारू. ते नाही म्हणतील असं मला वाटतं, पण विचारू."

एरवी तोंड न उघडणारा नायगावचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, किल्ल्यात कशाला? दोन-तीन वर्षं आधी जायचं आणि कर कमी करायला लावायचा. मग बंडच होणार नाही." वर्षभर कारणं आणि परिणाम म्हणून मी जे शिकवते ते या पोराने दोन वाक्यांत मांडलं होतं. मी त्याला सांगितलं की बंड मोडल्यावर हे शोगुनशाहीलाही दिसलं होतं. शिमाबाराच्या त्या सरदाराला कारभारासाठी जबाबदार धरून त्याचा शिरच्छेद झाला. "पण आधी सगळे मेले," तो म्हणाला.

ख्रिस्ती लोकांचं पुढे काय झालं, हे सांगायला घंटेआधी थोडाच वेळ उरला. येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून लोकांना पारखत. पाय ठेवून घरी आलेली कितीतरी कुटुंबं दार लावून जुन्या प्रार्थना म्हणत राहिली. फादर नाही, चर्च नाही, पिढ्यांमागून पिढ्या. 1865 मध्ये नागासाकीला ओउरा इथे नवं चर्च झालं, तेव्हा उराकामीचे काही गावकरी तिथल्या फ्रेंच फादरकडे आले आणि तुमची-आमची श्रद्धा एकच आहे असं हळूच म्हणाले. या लोकांच्या खुणा असलेल्या जागा 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि हारा किल्ल्याचे अवशेषही त्यात आहेत.

गृहपाठ म्हणून मी त्यांना एकेक पान लिहायला सांगितलं, तुमचा एपिसोड. मागच्या बाकावरच्या मुलाचं जहाज क्योतो-नागासाकी रस्त्यावर 1597 च्या जानेवारीत उतरलंय. नेटला जपानी येत नाही, पहारेकऱ्यांना इंग्रजी येत नाही, आणि कान कापलेल्या कैद्यांमधला एक जण पुढे येऊन म्हणतो, बोला, मी सांगतो त्यांना. ते पान मी कॉलेजच्या वार्षिक अंकाला दिलं आहे.