विशी, वासी उत्तरायण आणि आमचा स्वस्तातला नाताळ

सप्टेंबर नुकता लागलाय. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये लोक अजून अर्ध्या बाह्यांत फिरताहेत आणि सुपरमार्केटच्या दारातच मिन्स पायचे खोके रचलेत. मिन्स पाय म्हणजे मनुका-बेदाण्यांचं सारण भरलेली आपली करंजीच, फक्त गोल आणि भट्टीतली. पहिल्या वर्षी मला या घाईचं हसू आलं होतं. आता मीही त्या दारात थांबते, पण खोका उलटा करून तारीख वाचते. सप्टेंबरात आलेल्या मिन्स पायची मुदत बऱ्याचदा नोव्हेंबरातच संपते! म्हणजे ते नाताळासाठी नाहीतच, अधीर माणसांसाठी आहेत.

आई बडोद्याहून विचारते, 'तुमचा सण नाही काही नाही, मग एवढा खर्च कशाला?' आता तिला इथून काय सांगणार? मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेत डिसेंबरात एक दिवस ख्रिसमस जंपर, म्हणजे नाताळाची चित्रं असलेला स्वेटर, घालून जायचं असतं, वर्गातल्या सगळ्यांना कार्ड द्यायचं असतं, आणि सांता फक्त तिच्याच घरी आला नाही तर त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल आपटलो. इथे बऱ्याच ठिकाणी डिसेंबरचा पगार महिनाअखेर न देता नाताळाआधीच, वीस-बावीस तारखेला देऊन टाकतात. आम्हाला वाटलं, वा, काय दिलदार लोक! सगळा उडवला. पुढचा पगार थेट जानेवारीच्या शेवटी, हे दोन जानेवारीला डोक्यात शिरलं. मधे पाच-सहा आठवडे, घर गरम ठेवायचं गॅसबिल, आणि क्रेडिट कार्डाचा हप्ता. तो जानेवारी आम्ही मुगाच्या खिचडीवर काढला. लसणाची चटणी होती, म्हणून निभावलं.

त्याच वर्षी ऑफिसात सीक्रेट सांता होता. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला भेट, मर्यादा पाच पौंड. मी ती मर्यादा म्हणजे 'किमान' असं धरून चालले. बडोद्याच्या मंगळ बाजारातून आणलेला बांधणीचा दुपट्टा कोरा पडला होता, तो छान बांधून दिला. जिला मिळाला ती आधी लाल झाली, मग आठवडाभर मला कॉफी पाजत राहिली. माझ्या नावाची चिठ्ठी तिच्याचकडे गेली होती ना! तिने मला साधा मग दिला होता. पाच पौंड म्हणजे पाचच द्यायचे, हे मला तेव्हा कळलं.

शहाणपण शिकवलं शेजारच्या बाईंनी. पंचाहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खणात एक वही असते, तिच्यात गेल्या वर्षी कोणाला काय दिलं, किती कार्डं उरली, सगळं लिहिलेलं. एकदा 27 डिसेंबरला त्या मला ओढतच दुकानात घेऊन गेल्या. भेटी गुंडाळायचा कागद, कार्डांची खोकी, चकचकीत फिती, सगळं अर्ध्या किमतीत किंवा त्याहून खाली. मी म्हटलं, पण नाताळ तर झाला. त्या म्हणाल्या, पुढचा कुठे झालाय?

मला एकदम बाबा आठवले. वासी, म्हणजे शिळ्या उत्तरायणाच्या संध्याकाळी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी 15 जानेवारीला, आकाशात पतंग विरळ व्हायला लागले की ते मांडवीच्या बाजाराकडे सायकल काढायचे. उरलेले पतंग पडेल भावात आणून कपाटावर ठेवायचे, वर जुनं 'लोकसत्ता' पसरून. आम्हा पोरांना शिळ्या पतंगांची लाज वाटायची. इथे नाताळानंतरचा दिवस बॉक्सिंग डे म्हणून साजरा होतो. माझ्यासाठी तो वासी नाताळच आहे.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. पहिल्या खेपेला मी कागदाच्या गुंडाळ्या खिडकीखाली उभ्या ठेवल्या. इथल्या भिंतींना हिवाळ्यात घाम फुटतो. ऑक्टोबरात बघितलं तर तळाला बुरशी, सोनेरी चांदण्यांवर काळे ठिपके. आता कपाटावर आडव्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पैसे साठवायची रीतही आपल्याच घरची निघाली. आईची विशी होती, पुण्याकडे तिला भिशी म्हणतात. दांडिया बाजारातल्या बारा बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, आईचा नंबर ती युक्तीने दिवाळीच्या आधी लावून घ्यायची. इथेही वर्षभर थोडे थोडे भरून नाताळात खरेदीची कुपनं घ्यायचे ख्रिसमस क्लब असतात. पण 2006 च्या ऑक्टोबरात फेअरपॅक नावाची अशी कंपनी नाताळ तोंडावर असताना बुडाली आणि लाखाहून जास्त लोकांचे साठवलेले पैसे अडकले. शेजारच्या बाई अजून ते नाव घेतलं की ओठ मुडपतात. म्हणून मी बँकेतच वेगळं खातं उघडलंय, जानेवारीपासून महिन्याला वीस पौंड. डिसेंबरपर्यंत दोनशे चाळीस होतात, आणि तेवढ्यातच सगळं बसवायचं. विशीतल्या बायकांसारखं कोणी हप्ता मागायला दारात येत नाही, हीच काय ती अडचण.

वाणसामान सप्टेंबरपासून आठवड्याला एकेक जास्तीचं उचलायचं. एकदा बेदाणे, एकदा अक्रोड, एकदा ॲल्युमिनियम फॉइल. भाजी मात्र मुळीच आधी घेऊ नये. नाताळाच्या आदल्या आठवड्यात सुपरमार्केटांची आपसात जुंपते आणि बटाटे, गाजरं, पार्सनिप (पांढरट गाजरासारखं मूळ), ब्रसेल्स स्प्राउट्स यांच्या पिशव्या वीस पेन्सच्याही खाली येतात. स्प्राउट्स म्हणजे बोराएवढे कोबी. इंग्रज ते उकडून खातात आणि मग नावं ठेवतात. मी मोहरी-हिंगाची फोडणी देऊन वर ओलं खोबरं घालते. शेजारच्या बाईंनी दोनदा वाढून घेतले.

आणखी एक, 24 तारखेची संध्याकाळ. 25 ला मोठी दुकानं उघडायला कायद्यानेच बंदी आहे, 2004 पासून. त्यामुळे चोवीसला नाशवंत मालावर पिवळ्या चिठ्ठ्या लागतात आणि क्रीम, पाव, चीज मातीमोल भावात मिळतं. पण घरी चालत जाता येत असेल तरच रेंगाळा. त्या संध्याकाळी गाड्या लवकर आटोपतात आणि दुसऱ्या दिवशी तर रेल्वे पूर्ण बंद.

सजावटीवर आम्ही शून्य खर्च करतो. दिवाळीचा आकाशकंदील उतरवतच नाही. खिडकीतला पाच टोकांचा पांढरा कंदील नोव्हेंबरात आपला असतो, डिसेंबरात येणारे-जाणारे त्याला स्टार म्हणतात. जानेवारीच्या पाच-सहा तारखेला सगळा मोहल्ला सजावट काढतो, तेव्हा आम्हीही काढतो.

बडोद्याहून दर वर्षी निरोप येतो की डिसेंबरात या ना, लग्नं असतात. लग्नं असतात म्हणूनच नाही! शाळांची सुट्टी आणि लग्नसराई एकत्र आल्यावर विमानाचं तिकीट जे चढतं, त्यात आमचे चार नाताळ होतील. आम्ही ईस्टरच्या सुट्टीत येतो. उकाडा असतो, पण कैऱ्याही असतात.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर कपाटावरची पिशवी दाखवली. तिने चष्मा लावला, फोन जवळ धरला.

'कागद केवढ्याला पडला?'

'एक पौंडाला तीन गुंडाळ्या.'

ती थोडा वेळ हिशेब करत राहिली. मग म्हणाली, 'दोन वर्षांचा घ्यायचा होतास.'