गप्प बसलेला वर्ग आणि सहा कोयते

करवीर तालुक्यातल्या एका गावात सातवीला गणित शिकवतो मी. पट ४३, खिडक्या दोन, आणि शेजारीच पोषण आहाराची चूल, त्यामुळं मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला फोडणीचा वास आला की निम्मा वर्ग मनानं ताटावर जाऊन बसलेला असतो. पहिली चार वर्षं मी नुसता ओरडायचो. "गप्प बसा रे" दिवसातनं किती वेळा म्हणायचो हिशेब नाही, घरी आलो की घसा बसलेला, बायको विचारायची आज पोरांना काय शिकवलंत, आणि सांगायला काहीच नसायचं.

छडी गेली तशी शिस्त गेली असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलं ते बरंच झालं, घाबरलेलं पोर गप्प बसतं पण त्याचं डोकंही गप्प बसतं, हे मी स्वतः शाळेत असताना सोसलंय. आणि ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं त्या मातीत पोर रोज शाळेत येतंय, बसतंय आणि रिकामं परत जातंय, हे बघवत नाही.

लहानपणी मी तालमीत जायचो. आमचे वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले असायचे, एका जोडीला डाव सांगताना तिसऱ्या जोडीतल्या पोराचा पाय चुकला तरी तिकडं न वळता त्याचं नाव घ्यायचे. पुढं जेकब कूनिन या अमेरिकन अभ्यासकाबद्दल वाचलं तेव्हा वस्तादच आठवले. त्यानं वर्गांचं चित्रीकरण करून बघितलं, तर पोरानं खोडी केल्यावर मास्तर काय करतो यात चांगल्या आणि बाकीच्या शिक्षकांत फार फरक दिसला नाही. फरक होता तो खोडी व्हायच्या आधी. मास्तरचं लक्ष सगळीकडं आहे हे पोरांना जाणवतं का, आणि तास मध्येच अडकून पडतो का, यात.

मग मी माझा तास नीट बघितला. ३५ मिनिटांचा तास, त्यातली आठ-दहा हजेरीत आणि "वह्या काढा"त जायची, आणि सगळा दंगा तिथंच सुरू व्हायचा, कारण पोरांना काही कामच नसायचं. आता मी वर्गात शिरतो आणि आधी फळ्यावर एक उदाहरण लिहितो, कालच्या धड्यातलंच, पोरं ते सोडवायला लागतात आणि मी तोंडानं नावं न घेता बाकं बघून हजेरी भरतो. बाकं सरकवून मधनं वाट केलीय. कुणी बोलत असेल तर फळ्यापासनं ओरडत नाही, शिकवत शिकवत त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो, फारच झालं तर वहीवर बोट ठेवून हळूच विचारतो कुठं अडलास. सगळ्यांसमोर पाणउतारा केला की ते पोर त्या दिवसापुरतं तरी गेलंच समजा.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबायला शिकणं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतो आणि पुढं सरकतो, तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, जास्त पोरं बोलतात, हे मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलंय. तीन सेकंद! पण ४३ पोरांसमोर गप्प उभं राहून बघा किती मोठे वाटतात ते.

गेल्या आठवड्यात व्यस्त प्रमाण चालू होतं. ८ माणसं उसाचा एक फड ६ दिवसांत तोडतात, तर १२ माणसांना किती दिवस? पुढनं लगेच दोघं ओरडले, "९!" आधीचा मी असतो तर "चूक" म्हणून पुढं गेलो असतो. थांबलो. मनात मोजत होतो. पाचेक सेकंदांनी मागनं बीडकडच्या ऊसतोड टोळीतली पोरगी, नोव्हेंबरात आलेली, आजवर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "सर, १२ माणसं म्हंजी सहा कोयते का?"

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात तोडणीत. तिनं ४ कोयते गुणिले ६ दिवस २४ केले, भागिले ६, चार दिवस. ९ म्हणणाऱ्यातला एक लगेच म्हणाला, माणसं वाढली तर दिवस वाढतील कसे, कमीच व्हणार की. मग दुसऱ्यानं माणसं धरून करून बघितलं, तरी ४ च, मग दोन्हीकडनं सारखंच का आलं यावर जो गोंगाट झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला, पण सगळा गणितावरचा होता, मी अडवला नाही.

टोळी मार्चपर्यंत आहे. तोवर तिच्याकडनं शेकडेवारीसुद्धा करून घ्यायचीय. तिचं बाक मधल्या वाटेच्या कडेला घेतलंय, जाता-येता वही बघता येते.