टिओरमचा किल्ला आणि फसलेली पाऊणकी

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्कॉटलंडमध्ये ‘लॉख’ म्हणजे तळंही आणि खाडीही. आम्हाला ज्या मित्राने ‘लॉखकाठचा सुंदर किल्ला’ म्हणून पाठवलं, त्याने हा फरक सांगितला नव्हता. लॉख मॉयडार्ट ही सरळसरळ समुद्राची खाडी आहे, आणि टिओरमचा किल्ला तिच्यातल्या खडकाळ बेटावर. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखाच प्रकार: ओहोटीला चालत जा, भरतीला काठावर बसा. फक्त इथे घोडागाडी नाही.

मुक्काम अ‍ॅहरकलला होता. गाव रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेलं, संध्याकाळी छान वाटतं. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. घरमालकांना किल्ल्याचं विचारलं तर म्हणाले, “केव्हाही जा, बहुतेक वेळा रस्ता उघडाच असतो.” त्यातला ‘बहुतेक’ आम्ही ऐकला नाही. शिवाय बायकोचं माहेर अलिबागचं. तिने लगेच पाऊणकी काढली, म्हणजे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचं कोकणी गणित. विनायकी चतुर्थी, चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीनला भरती, म्हणून नऊला ओहोटी. सकाळी सव्वानऊला आम्ही डॉर्लिनच्या पार्किंगमध्ये हजर.

समोर पाणीच पाणी. बेटाकडे जाणारी वाळूची पट्टी पूर्ण बुडालेली.

पाऊणकी कोकणच्या किनाऱ्यावर बसवलेली आहे हे आम्हाला तिथे उभं राहून कळलं. तिकडे अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. इकडे सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे गणित नेमकं उलटं. सासऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, पाऊणकी बरोबरच आहे, तुम्ही चुकीच्या समुद्रावर गेलात. तेव्हा तिथी विसरा आणि जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघा. ते ग्रिनिच वेळेत छापलेलं असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवा. ओहोटीच्या आधी दीड-दोन तास पोहोचा आणि पाणी चढायला लागलं की निघा.

आता सहा तास काय करायचं? पार्किंगपासूनच खाडीच्या काठाने ‘सिल्व्हर वॉक’ नावाची पायवाट जाते. एकोणिसाव्या शतकात ती बांधताना चांदीची नाणी सापडली, म्हणून हे नाव. घरमालक म्हणाले होते, “काठाकाठाने निवांत फेरफटका.” पहिली पंधरा मिनिटं खरंच निवांत. मग वाट कड्याला चिकटते. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला थेट खाली पाणी, पायाखाली शेवाळलेले दगड आणि झाडांची मुळं, आणि रात्री पाऊस पडून गेलेला. एका ठिकाणी खडकाला पोट घासत आडवं सरकावं लागलं. मी हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेलोय, तिथे इतका घाबरलो नव्हतो. तिथे निदान कठीण आहे हे सांगून नेलं होतं. पोर्ट अ वाटा या उजाड वस्तीपर्यंत गेलो. पडक्या घरांच्या भिंती, नेचे, चिटपाखरू नाही. परतायला डोंगरावरून दुसरी वाट आहे, पण ती दलदलीतून जाते, म्हणून पुन्हा तोच कडा. दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटला. ओल्या दिवशी, लहान मुलांना घेऊन किंवा गुळगुळीत तळाच्या बुटांत या वाटेला जाऊच नका. कोरड्या दिवशी, ट्रेकची सवय असेल तर जा; खाडी आणि समोरचं शोना बेट अप्रतिम दिसतं, हे कबूल.

दोनला परत आलो तर जादू. पाणी सरकलेलं, पट्टी उघडी, आणि सकाळी टिंगल करणारा समुद्र अगदी शहाण्या मुलासारखा. पाच मिनिटांत बेटावर. नावाचा उच्चार ‘चीरम’च्या जवळचा, आणि गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, अर्थ ‘कोरडा’. आमच्या मोज्यांना विचारा.

किल्ला मॅक्डोनल्ड कुळाच्या क्लॅनरॅनल्ड शाखेचा. १७१५ च्या जॅकोबाइट बंडाला (गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठीच्या उठावाला) निघताना सरदार अ‍ॅलनने तो स्वतःच पेटवून द्यायला सांगितला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून; आणि सरदार स्वतः शेरिफम्यूरच्या लढाईत पडला. त्यानंतर कोणी राहायला आलं नाही. उंच पंचकोनी तट अजून भक्कम दिसतो, पण दगड सुटतात म्हणून दार बंद. आत जाता येत नाही. हे आधी माहीत असतं तर मी रागावलो नसतो. तटाभोवती फेरी मारायला वीस मिनिटं पुरतात, पण आम्ही तासभर बसलो. कोणी तिकीट मागत नाही, कोणी हाकलत नाही.

यायचं कसं: स्वतःची गाडी हवी. फोर्ट विल्यमच्या दक्षिणेला कोरनची फेरी पाच मिनिटांत पलीकडे सोडते. ती चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी बघा, नाहीतर लॉखेलोर्टवरून मोठा वळसा. शेवटचे तीन-चार किलोमीटर रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे. समोरच्या गाडीसाठी ठेवलेल्या रुंद जागांत फोटोला गाडी लावू नका, लोक चिडतात, आणि बरोबरच चिडतात. जून ते ऑगस्ट वारा पडला की चिलटं डोळ्या-कानांत शिरतात. डोक्यावर घ्यायची जाळी सोबत ठेवा.

आणि डबा घरूनच न्या. आम्हाला मुक्कामावर बांधून दिलेली दोन सँडविच, एक सफरचंद आणि वेफर्सचं पाकीट बारा पाउंडांना पडलं. सँडविचमध्ये काकडी होती. फक्त काकडी.