शेवटच्या रांगेतले आप्पा

आषाढी-कार्तिकीची पंढरपूरची वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या खानदेशात माघातही एक वारी असते, मुक्ताईची. माघ वद्य एकादशीला मुक्ताईनगर-कोथळीला पोचायचं, मुक्ताईचं दर्शन घ्यायचं आणि महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाला जाऊन घरी परतायचं. जळगाव जिल्ह्यातल्या गावोगावच्या दिंड्या निघतातच, शेजारच्या बुलढाण्यातून आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात. आमचं गाव धरणगाव तालुक्यात. तिथून मुक्ताईनगर नव्वदेक किलोमीटर पडतं.

माझे वडील, आप्पा, शाळेत क्रीडाशिक्षक होते. वर्षभर किरकोळ रजा जपून ठेवायचे, ती या वारीसाठी. आईला सोडून त्यांनी ही वारी कधी केली नाही. गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, ते झोपेतच गेले. माघ लागला तशी आई म्हणाली, "जायचं." मी रजा टाकली आणि आलेच.

पहाटे काकडा झाला की निघायचं. माघातली पहाट आमच्याकडे चांगलीच झोंबते आणि अकराच्या पुढे ऊन असं लागतं की डोक्यावरचा पदर काढवत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दादर ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यांवर आलेला, गहू ओंबीत. पाळधी मागे टाकली, बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला. तिथून टेकडीवर विद्यापीठ दिसतं. बहिणाबाईंचं नाव त्याला मिळालं ते २०१८ मध्ये. बहिणाबाईंचं माहेर असोदे, जळगावच्या अगदी शेजारी. तिथं पुलावर थांबून आप्पा दरवर्षी आईला विद्यापीठ दाखवायचे, जणू ती पहिल्यांदाच बघते आहे. आईही दरवर्षी बघायची.

दिंडीत पुढे पताका, त्यांच्यामागे टाळकरी, पखवाज, विणेकरी, आणि मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. आप्पांचा गळा मोकळा होता, टाळावर हात पक्का होता. त्यांनी पुढे चालावं असं सगळ्यांना वाटायचं. ते शेवटच्या रांगेत चालायचे. आईला संधिवात. तिची चाल सावकाश, आणि तिच्याबरोबर आणखी चार-पाच म्हाताऱ्या, एखादा दम लागणारा बाबा. या सगळ्यांच्या मागे आप्पा. पुढून कुणी हाक मारली, "सर, या ना पुढे," तर तिथूनच ते चाल उचलायचे आणि अभंग शेवटून पुढे सरकत जायचा. विसाव्याला दिंडी थांबली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मांगे कोण राही गया?"

हा प्रश्न मैदानावरचा होता. आप्पांनी आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकवली. संघ पळायला निघाला की बाकीचे मार्गदर्शक पुढे उभे राहून शिट्टी मारतात. आप्पा मागे पळायचे, सगळ्यांत हळू पळणाऱ्या पोरीच्या बाजूला. त्यांची एक लांबट वही आहे, हिशेबाची असते तशी, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात पहिली कोण आली हे कुठंच लिहिलेलं नाही. तारीख, आणि पुढे शेवटी पोचलेल्या मुलीची वेळ. पान उलटत जावं तशी ती वेळ कमी होत जाते. त्यांच्या लेखी संघाची वेळ म्हणजे हीच. जिची वेळ तिथं लिहिली जायची तिला कधी कमीपणा वाटला नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण बरीच पानं माझी आहेत.

खेड्यातल्या पोरींना अर्ध्या चड्डीत मैदानावर उतरवणं तेव्हा सोपं नव्हतं. आप्पा संध्याकाळी घरोघर जायचे, आणि जाताना आईला घेऊन जायचे. ओट्यावर बापाशी आप्पा बोलायचे, आत चुलीपाशी आईशी आई. गुडघ्याखाली येईल अशी चड्डी आई स्वतः शिवून द्यायची, मापं घेऊन, आमच्या पायाच्या मशीनवर. पाठीवरचे नंबर तिनं कापडाचे कापून टाचलेले असायचे. सराव संपला की भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा, तोही तिच्याकडून. आप्पा पोरींना बजावायचे, "मी तुम्हाला फक्त पकड शिकवली, संघ मात्र हिनं उभा केला." माणसासमोर बायकोचं कौतुक करायची रीत आमच्याकडे नाही. त्यांनी ती रीत कधी मानली नाही. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी पहिल्यांदा खेळवली गेली आणि आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं, तेव्हा त्यांनी पेढ्यांचा पुडा मैदानावर आणला आणि पहिला पेढा सगळ्या पोरींसमोर आईला भरवला. आई लाजून पदर तोंडावर घेऊन उभी होती.

बापांना समजावताना ते मुक्ताई सांगायचे. चांगदेव योगी, चौदाशे वर्षं जगलेला असं मानतात. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला, मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोरंच पत्र धाडलं. मुक्ताई म्हणाली, एवढं जगून हा कोराच राहिला. पुढे त्याच चांगदेवानं या मुलीला गुरू केलं. "एवढीशी पोर एवढ्या मोठ्या योग्याला शिकवती," आप्पा म्हणायचे, "तुमची पोर तर माझ्याकडं शिकायला येती. मग भ्यायचं कशाला?" पांडुरंगावर त्यांची भक्ती होतीच, पण या वारीवर त्यांचा जीव का होता ते मला इथं कळतं. चांगदेवाची यात्रा मुक्ताईला भेटल्याशिवाय पुरी होत नाही.

नशिराबादला एका शाळेच्या ओसरीत आम्हाला मुक्कामाला जागा मिळाली. हरिपाठ झाला, कळण्याची भाकरी आणि ठेचा झाला. आईचा उजवा गुडघा सुजला होता. पिशवीतून तिनं आप्पांचीच क्रेप बँडेजची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. दर मुक्कामाला हे काम त्यांचं. चारचौघांत नवरा बायकोचे पाय मांडीवर घेतो याचं आधी लोक हसायचे, पुढे पुढे त्याच ओळीत बाकीच्या म्हाताऱ्याही पाय पसरून बसायला लागल्या, "सर, मनाबी बांधी द्या."

मी बांधायला घेतलं. गुडघा थोडा वाकलेला ठेवायचा. सुरुवात खालून, पोटरीवरून. दोन वेढे सरळ, मग तिरपा वर, गुडघ्याच्या वाटीच्या वरून वळवून परत तिरपा खाली, म्हणजे आठचा आकडा पडतो. प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर बसला पाहिजे. आई डोळे मिटून होती, तरी म्हणाली, "अजून एक येढा खाले ले." बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबायचं, ते पांढरं पडतं, सोडलं की लगेच गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर पट्टी आवळली गेली. मी नख दाबलं, सोडलं, रंग परत आला. सामन्याआधी माझा घोटा बांधून झाला की आप्पाही असंच दाबून बघायचे, आणि रंग येईपर्यंत वर बघायचे नाहीत. शेजारची आजी पाय पुढे करून बसलेलीच होती. त्या रात्री ओसरीतल्या सगळ्या गुडघ्यांना पट्ट्या बांधून झाल्यावर मी झोपले.

साकेगावला वाघूर ओलांडली की भुसावळ. तिथं हमरस्त्यावर आप्पांच्या मुली उभ्या होत्या. एक रेल्वेत आहे, एक पोलिसात, एक शाळेवर खेळाची बाई झाली आहे. काही जणी पोरंबाळं घेऊन आल्या होत्या. पाण्याचे जार, केळ्यांचे घड, सगळ्या दिंडीला पुरतील एवढे. आमची जुनी कर्णधार आईच्या पाया पडली आणि तिला मिठी मारूनच उभी राहिली. बोलणं कुणालाच सुचेना. मग तीच म्हणाली, "काकू, उद्या दीपनगरापासून वरणगावपर्यंत आम्ही चालतो. मागच्या रांगेत."

दुसऱ्या दिवशी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या उजाडताना दिसू लागल्या आणि दिंडीचं शेपूट एकदम लांब झालं. चौपदरी रस्त्यावर मालट्रका अंगावरून जातात, तेव्हा कडेच्या बाजूला आई आणि म्हाताऱ्या, रस्त्याच्या बाजूला या धट्ट्याकट्ट्या बाया, हातात हात घालून. कबड्डीत चढाई करणारी आली की कोपऱ्यातली आणि तिच्या शेजारची अशीच साखळी धरतात. कुणी ठरवून केलं नव्हतं. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं अभंग म्हणायला लागली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. घरात गाणारे आप्पा होते.

एकादशीला मुक्ताईनगरात पाय ठेवायला जागा नसते. दिंडीमागून दिंडी, पताकांनी रस्ता झाकलेला, प्रत्येक चौकात पावली. आम्ही नव्या मंदिरात गेलो, मग कोथळीच्या जुन्या मंदिरात. १२९७ साली तापीकाठी, मेहूणजवळ, विजेच्या लोळात मुक्ताई गुप्त झाली असं सांप्रदायिक परंपरा सांगते. निवृत्तीनाथ सोबत होते. तिन्ही भावंडांना पोचवून थोरला भाऊ मागे राहिला. जुन्या मंदिरात रांग हळूहळू सरकत असताना आई हेच बोलत होती. "निवृत्तीनं कसं काढलं असंल गं?" मी काही बोलले नाही. तिला उत्तर नको होतं, तिला ते विचारायचं होतं.

दर्शन झालं. आईनं आप्पांचा टाळ मुक्ताईच्या पायाला लावून परत पिशवीत ठेवला.

बारस सोडायला पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तूप. शाळेवर शिकवणारी ती मुलगी सुट्टी वाढवून आमच्याबरोबर इथपर्यंत आली होती. जेवता जेवता तिनं विषय काढला. आप्पा गेल्यापासून गावातलं मैदान ओस पडलं आहे, गवत वाढलं आहे. तापीकाठची गाळमाती ट्रॉलीभर आणून चाळून टाकायची, पाणी मारून बसवायची, फक्कीनं रेषा आखायच्या, आणि रविवारी तिनं स्वतः येऊन पोरींना खेळवायचं. लाल वही मिळेल का, असंही तिनं विचारलं. वही देते म्हणून मी कबूल केलं. आईनं बट्टी कुस्करता कुस्करता सगळं ऐकून घेतलं.

"माटी चाळाले कितल्या पोरी येतीन ते आधी सांग," ती म्हणाली. "तितला हरभरा भिजाडी ठेवसू."