चार्जिंग होत नाही? बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

लॅपटॉप चार्ज होत नाही म्हटलं की पहिला आळ बॅटरीवरच येतो. दुकानात मशीन काउंटरवर ठेवलं की झाकण उघडायच्या आधीच समोरून "बैटरी गई भिया, बदलनी पड़ेगी" असं ऐकू येतं, आणि आपण बदलतोही, कारण ऑफिसचं काम अडलेलं असतं. आमच्या इंदूरला राजेंद्रनगरात माझ्या आत्याच्या मुलाचं असंच झालं, नवी बॅटरी टाकून घरी आला आणि संध्याकाळी परत तेच, वायर जरा हलली की चार्जिंग बंद. अरे वायर हलल्यावर बंद होतंय म्हणजे बॅटरीचा काय संबंध? शेवटी निघाला डीसी जॅक, म्हणजे लॅपटॉपच्या कडेला जिथे पिन घुसते ते भोक. नातेवाइकांची मशीनं माझ्याकडेच येतात म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते, दर वेळी फोनवर सांगून कंटाळा आला.

सुरुवात भिंतीपासून करायची. अडॅप्टर दुसऱ्या बोर्डात लावून बघा, एक्स्टेन्शनमध्ये नाही, सरळ भिंतीत. मग ती तीन भोकांची केबल, जी विटेत म्हणजे अडॅप्टरच्या काळ्या डब्यात घुसते, जिला दुकानात मिकी माउस केबल म्हणतात, ती विटेच्या बाजूने ढिली होते आणि कोणाचंच लक्ष जात नाही. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपची तीच केबल लावून बघा, फुकटात होणारी टेस्ट आहे. आणि "लाइट डिम आहे म्हणून चार्ज होत नसेल" हे आमच्या काकूंचं आवडतं कारण, पण अडॅप्टरच्या लेबलवर बघा, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे २३० चे १८० झाले तरी त्याला फरक पडत नाही.

आता विटेवरचा छोटा दिवा. सगळ्या अडॅप्टरना नसतो, पण असेल तर अर्धं काम तोच करतो. भिंतीत लावल्यावर दिवाच लागत नाही तर केबल नाहीतर वीट गेली. दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो, आणि स्विच बंद करून परत चालू केल्यावर पुन्हा लागतो, तर अडॅप्टर स्वतःला वाचवतोय, पुढे कुठेतरी शॉर्टिंग आहे किंवा अडॅप्टर लोड घेऊ शकत नाहीये. हे दोन वेगळे कसे करायचे? तसाच दुसरा अडॅप्टर त्याच लॅपटॉपला लावा. त्याचाही दिवा विझला तर दोष लॅपटॉपमध्ये, जॅकमध्ये नाहीतर मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर. नाही विझला तर तुमचा जुना अडॅप्टर म्हातारा झाला. बस, एवढंच कळलं तरी दुकानात कोणी तुम्हाला गोल फिरवू शकत नाही.

मल्टिमीटर असेल तर डीसीच्या २०० च्या रेंजवर ठेवून पिन मोजा. गोल पिनच्या आतली भिंत प्लस, बाहेरची मायनस, साधारण १९ ते २० व्होल्ट दिसायला हवेत. मीटरच्या सळया एकमेकींना लागू देऊ नका. पण १९.५ दिसले म्हणून अडॅप्टर पास असं समजू नका, कारण रिकामा असताना व्होल्टेज बरोबर दाखवणारा अडॅप्टर लोड आला की कोसळतो, हे मीटरवर दिसत नाही, दुसऱ्या लॅपटॉपवरच कळतं.

आता ती मधली बारीक सुई, ज्यात खरी गंमत आहे. डेल आणि एचपीच्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये पिनच्या मध्यभागी केसासारखी सुई असते, ती करंट नेत नाही, ती ओळख सांगते की मी इतक्या वॉटचा आहे. डेलमध्ये तर त्यासाठी अडॅप्टरच्या आत छोटी चिप असते. ती सुई वाकली किंवा वायरमधली तिची बारीक तार तुटली की मशीन चालतं पण चार्ज होत नाही, वर स्लोही होतं, आणि चालू करताना अडॅप्टरचा प्रकार कळला नाही असा मेसेज येतो. लोक मग विंडोज फॉरमॅट करतात! फॉरमॅटने तार जोडली जाते का? आधी पिनमध्ये टॉर्च मारून बघा, सुई सरळ आहे का. तार बहुतेक पिनच्या मानेपाशी किंवा विटेतून निघते तिथे तुटते, कारण आपण वायर विटेला करकचून गुंडाळतो. सैल वेटोळं करायचं, हे घरात सगळ्यांना सांगून सांगून मी थकले.

जॅकचं निदान सोपं आहे. पिन घातल्यावर खेळते का, एका ठराविक कोनात धरली तरच चार्ज होतं का, पाच मिनिटांनी पिनचं टोक गरम लागतं का, आत काळं दिसतं किंवा जळका वास येतो का. यातलं काहीही असेल तर वायरखाली पुस्तक ठेवून जुगाड करणं ताबडतोब थांबवा, ढिल्या कॉन्टॅक्टवर ठिणग्या उडतात, प्लास्टिक वितळतं आणि मग छोटं काम मोठं होतं. जॅक दोन प्रकारचे असतात. एक वायरवाला, जॅकला छोटी वायर आणि तिचा कनेक्टर बोर्डात, तो बदलणं म्हणजे स्क्रू काढा, जुना उपटा, नवा लावा. दुसरा सरळ मदरबोर्डवर सोल्डर केलेला, त्याचे टाके हलून हलून तडकतात, त्याला ड्राय सोल्डर म्हणतात, कधी नुसतं परत सोल्डर करूनच काम होतं. दुकानात विचारा "वायर वाला है या बोर्ड वाला", मगच भाव बोला, दोन्हींच्या मेहनतीत फार फरक आहे. बोर्डवाल्यासाठी आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जा, चिपपर्यंतचं काम करणारा हात बघून द्या, आणि जुना पार्ट परत मागून घ्या. वायरवाला असेल तर घराजवळचा पोरगाही करून देईल.

आता बॅटरी. ती निर्दोषच असते असं नाही, पण तिला तपासायची पद्धत आहे. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल तर बदला, वाद नाही. आणि ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबतंय तर आधी कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन बघा, बॅटरी जपायची सेटिंग चालू असते आणि लोक बिघाड समजून धावतात. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही, तर बॅटरी फुगली आहे, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, त्याच दिवशी काढून घ्या. एक साधा उपायही करून बघा, चार्जर काढून, मशीन बंद करून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावा. चार्जिंगचा कंट्रोलर कधीकधी अडकून बसतो, त्याने सुटतो.

नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात. गुणाकार करा, १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५ वॉट, १९.५ गुणिले ४.६२ म्हणजे ९०. ६५ च्या मशीनला ९० चा लावला तर मशीन हवा तेवढाच घेतं. उलटं केलं, ४५ चा लावला, तर काम करताना चार्ज उतरतच राहील नाहीतर वीट तापेल. जेलरोडला अडॅप्टरचे ढीग असतात, दोघं भाऊ शेजारी बसून एक "ओरिजिनल" म्हणतो आणि दुसरा "फर्स्ट कॉपी", दोन्ही एकाच खोक्यातले! लेबलवर आर ने सुरू होणारा नंबर बघा, तो बीआयएस केअर अॅपमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या अॅपमध्ये टाकून तिथल्या तिथे तपासता येतो. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

वाड्यात राहणाऱ्यांसाठी एक वेगळंच. लॅपटॉपच्या मेटलला हात लावला की झिणझिण्या येतात ना? अर्थिंग नाही. अडॅप्टरच्या आत डिस्टर्बन्स गाळायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून थोडासा करंट बाहेर येतो आणि तो अर्थच्या पिनने जमिनीत जायला हवा. चांगल्या अडॅप्टरमध्ये तो अगदी किरकोळ असतो, पण कॉपी मालात तो कपॅसिटरच हलका वापरलेला असला तर मला भरवसा नाही. आमच्याकडे जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, आत वायरच नसते, आणि वर लोक दोन पिनचा कन्व्हर्टर लावतात. इलेक्ट्रिशियनला बोलवा, लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला नको.

टाइप सी वाल्यांनो, तुमचं दुखणं निराळं. तिथे चार्जर आणि मशीन आधी बोलणी करतात, सुरुवात ५ व्होल्टपासून, आणि बऱ्याच लॅपटॉपना २० लागतात. फोनचे बरेचसे चार्जर तिथपर्यंत जातच नाहीत, म्हणून लावून काही होत नाही. प्रत्येक टाइप सी पोर्ट चार्जिंगचा असतोच असंही नाही, शेजारचं चिन्ह बघा. पोर्टमध्ये कचरा असेल तर मशीन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, एकदा भाच्याच्या पोर्टमधून मी चक्क इंदुरी शेव काढली आहे, कीबोर्डवर पोहे खाणारा मुलगा, दुसरं काय निघणार. आणि केबल! साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच जाते, २० व्होल्टवर म्हणजे ६० वॉट, आणि ६५ वॉटच्या चार्जरला ३.२५ अँपिअर लागतात, त्यामुळे चार्जर चांगला, लॅपटॉप चांगला आणि तरी स्लो चार्जिंग, कारण मधे फोनची केबल. ५ अँपिअरच्या केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असते, १०० वॉट लिहिलेली मागा आणि काउंटरवरच लॅपटॉपला लावून बघा, मग पैसे द्या.