पहिला असेंबल पीसी: पार्ट्स ठरले पटकन, कोटेशन काही मिळेना

आमच्या डोंबिवलीतल्या हौशी नाट्यमंडळाच्या एकांकिका मी शूट करतो आणि एडिटही करतो. जुन्या लॅपटॉपवर फोनचे एचईव्हीसी (जास्त दाबून साठवलेले) व्हिडिओ टाइमलाइनवर टाकले की चित्र अडकायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. शेवटी 2024 मध्ये डेस्कटॉप असेंबल करायचं ठरवलं. मॉनिटर घरात होता, म्हणून बाकी सगळं 40 हजारांत बसवायचं होतं.

पार्ट्स ठरवणं लोक सांगतात तितकं अवघड नाही. गेम खेळायचे नाहीत म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड गेलं आणि बजेटवरचं मोठं ओझं उतरलं. प्रोसेसर इंटेल आय5-12400. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आत यूएचडी 730 ग्राफिक्स. या ग्राफिक्समुळे क्विक सिंक मिळतं, म्हणजे एचईव्हीसी उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या कोअरवर न पडता वेगळ्या भागाकडे जातं. मला नेमकं तेच हवं होतं. एच610 चिपसेटचा डीडीआर4 रॅमचा मदरबोर्ड, 8-8 जीबीच्या दोन रॅम, साठवणीला 1 टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी आणि बऱ्यापैकी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एवढी यादी दोन संध्याकाळी बसून झाली.

मग मुंबईतला कॉम्प्युटरच्या पार्ट्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला स्लोने जायचं आणि ईस्टला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

पहिल्या दुकानात मी यादी पुढे केली. काउंटरवरच्या माणसाने ती नीट वाचली, कॅल्क्युलेटर बडवला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘आय5 ट्वेल्थ जेन, एच610 बोर्ड, 16 जीबी रॅम, 1 टीबी एम.2, कॅबिनेट विथ एसएमपीएस’. खाली एक आकडा. झालं कोटेशन! किराणा दुकानदाराने ‘डाळ, पाच किलो’ एवढंच लिहून द्यावं, तूर की मसूर ते घरी जाऊन बघा, तसला प्रकार.

मी म्हटलं, प्रत्येक वस्तूची कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून द्या. तो म्हणाला, “साहब, सब सेम ही आता है.”

सेम नसतं. त्या चिठ्ठीतल्या प्रत्येक ओळीत हजार-दोन हजार रुपये लपायला जागा होती. ‘आय5 ट्वेल्थ जेन’ म्हणजे 12400 की 12400एफ? एफवाल्यात ग्राफिक्सच नसतं, म्हणून तो स्वस्त. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे एफ घेतला तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. शिवाय बॉक्स पीस (कंपनीच्या खोक्यातला) की ट्रे पीस (सुटा)? ट्रेवाल्याबरोबर कूलर येत नाही, आणि वॉरंटीसाठी विकणाऱ्याच्याच दारात जावं लागतं. ‘एम.2’ हा तर नुसता आकार झाला. त्याच आकारात जुन्या, हळू साटा पद्धतीची एसएसडीही येते. ती सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, तर चांगली जेन 3 एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे जाते. ‘16 जीबी’ एकाच काडीत दिली तर ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन काड्यांतून एकाच वेळी चालणारी ये-जा, मिळत नाही, आणि आतल्या ग्राफिक्सला रॅमच वापरायची असल्याने फटका तिथेच बसतो.

हे सगळं मी एकेक करून विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, “फायनल करो, फिर लिख देंगे.” फायनल म्हणजे अ‍ॅडव्हान्स द्या. काय घेतोय ते कागदावर नाही आणि पैसे मात्र आधी! बाजूला आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक कॉलेजचा मुलगा मुकाट्याने पैसे मोजत होता. त्याच्या चिठ्ठीतही ‘विथ एसएमपीएस’च होतं.

त्या एसएमपीएसचा डबा मी मागून बघितला. वर मोठ्या अक्षरात 450. बाजूच्या लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अ‍ॅम्पिअर. बारा गुणिले अठरा, 216 वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज या 12 व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात, मग 450 कसले? हे दाखवल्यावर त्याने डबा काढून घेतला आणि म्हणाला, “इतना देखोगे तो पीसी कभी नहीं बनेगा.” हे वाक्य अजून डोक्यात जातं.

बिलाचंही तेच. चिठ्ठीवरचा आकडा बिलाशिवायचा, बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वर. बिल नाही तर तीन वर्षांची वॉरंटी कोणाच्या जिवावर मागायची? म्हणून भाव विचारताना पहिलं वाक्य ‘जीएसटी बिलासकट किती’ हेच ठेवा.

नंतर तिथे दुकानात उभं राहायचं सोडून दिलं. घरूनच पूर्ण मॉडेल नंबरांची यादी काही दुकानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि लिहिलं, ‘यातलंच हवं, बदल असेल तर त्या ओळीपुढे लिहा.’ बहुतेकांनी एक गोळाबेरीज आकडा पाठवला. एकाने मात्र ओळीनिशी भाव दिले, दोन वस्तू नाहीत असं सरळ कळवलं आणि पर्यायांचे मॉडेल नंबरही दिले. पाचशे-सातशे रुपये जास्त पडत होते, पण पाच मिनिटांत हो म्हणून टाकलं.

जोडणीत सांगण्यासारखं काही नाही, एका दुपारी झाली. पण बोर्ड घेतानाच दुकानात प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवरचं झाकण उचलून पिना सरळ आहेत का ते बघा. वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत, आणि घरी गेल्यावर ती कोणी वाकवली हा वाद तुम्ही जिंकणार नाही.

रॅमचं राहिलंच. 3600 वेगाची घ्या म्हणून आग्रह होतो, पण एच610 वर 12400 असताना ती 3200 वरच चालते. वरचे पैसे एसएमपीएसमध्ये घाला. मी 550 वॉटचा, 80 प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला घेतला, उद्या कार्ड लावावंसं वाटलं तर बदलायला नको. आणि 2025 च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, म्हणून माझ्या वेळचे आकडे धरून बजेट आखू नका.

बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर लिहून घ्या. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडू शकतात.