घड्याळात पंधरा सेकंद

अमेरिकेत एमएस करताना मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचं व्हिडिओ शूटिंग करायचो. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यात हे मिळालं. कोल्हापूरला फोन केला तर बाबांचा पहिला प्रश्न, "पोझिशन कुठली रं?" शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला माणूस. हा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

हेड कोच नवे होते. १२ मॅचेस, निदान ६ जिंकल्या तर बोल गेमची, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या मॅचची, आशा. आम्ही ऑक्टोबरातच ७ हरून बसलो. पहिल्या वर्षी भल्याभल्यांचं असं होतं. हेड कोच म्हणून सहा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगच्या फायनल, जिंकलेले बिल बेलिचिकसुद्धा २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या टीमसोबत ४ विजय, ८ पराभवांवर अडकले. पण गावात कोण ऐकतंय? सगळं खापर क्वार्टरबॅकवर, म्हणजे मैदानात चाल चालवणाऱ्या खेळाडूवर. एकोणीस वर्षांचं पोरगं.

त्यातून ती सातवी मॅच. शेवटचं मिनिट, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवं, टाइमआउट संपलेले. पोरगं डावीकडे वळलं, बॉल घ्यायला येणारा रनिंग बॅक उजवीकडून गेला. खेळ खलास. अख्खं स्टेडियम त्याच्यावर ओरडत होतं.

रविवारी सकाळी सहाला मी क्लिप्स कापत बसलो. प्रत्येक प्लेची, म्हणजे चालीची, वेगळी क्लिप, सोबत डाउन, यार्ड, फॉर्मेशन भरायचं. स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन चाल सुरू होण्याच्या, आधीचं सगळं आम्ही उडवायचो. या प्लेला मात्र माझा हात थांबला. मैदानाच्या टोकाला, एंड झोनमागे लावलेल्या कॅमेऱ्यात समोरचं प्ले क्लॉक, म्हणजे चाल सुरू करायला उरलेले सेकंद मोजणारं घड्याळ, दिसत होतं. २०२४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण घड्याळ १५ वर आलं की तो आपोआप बंद. १७, १६... पोरगं मान खाली घालून ऐकतंय. १५. त्यानं झटकन साइडलाइनकडे बघितलं आणि दोन्ही तळवे हेल्मेटच्या कानांवर आपटले. अर्धाच प्ले पोचला होता. पुढचं त्यानं अंदाजानं केलं.

प्ले सांगायचे हेड कोच स्वतः. आणि ते मागे उभे होते, कॉफीचा कागदी कप घेऊन. कधी आले, कळलंच नाही.

"मागे घे."

पाच वेळा घेतलं.

"कुणाला पाठवलीस?"

"नाही अजून."

आता म्हणणार, कापून टाक. मी माउसवरचा हातच काढून घेतला.

"अशीच ठेव. मीटिंगला पहिली हीच लाव."

मीटिंगच्या अंधारात कोच एवढंच म्हणाले, "मला उशीर झाला," आणि मला पुढची क्लिप लावायला सांगितली. पोरगं दुसऱ्या रांगेत होतं. त्यानं टोपी काढली, परत घातली.

पुढच्या शनिवारी पुन्हा हरलो. बाबांनी विचारलं, "किती गोलनं?"

"३१ पॉइंटनं."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.